आवळण्यालाही माप असते : घरच्या मोटारीसाठी परवडणारा टॉर्क पाना

श्रावणातला पाऊस, रात्रीचे साडेनऊ, बेळगावहून साखळीच्या दिशेने चोर्ला घाट उतरणारी मोटार आणि पंक्चर झालेले मागचे चाक. डिकीत स्टेपनी आहे, जॅक आहे, गाडीसोबत मिळालेला एल आकाराचा पानाही आहे. तरीही चाक निघत नाही, कारण चारपैकी एकही नट जागचा हलायला तयार नाही. महिन्यापूर्वी टायर बदलताना हवेच्या गनने ते नट कचकचून आवळले गेले होते आणि ‘चाक पक्के बसले’ या समाधानात मालक घरी परतला होता. त्या पक्केपणाची किंमत अशा रात्री कळते.

मोटारीची लहानसहान कामे घरी करणाऱ्यांची संख्या गोव्यात कमी नाही. चाके अदलाबदल करणे, इंजिन ऑइल बदलणे, स्पार्क प्लग काढून पाहणे ही कामे अंगणात किंवा गृहनिर्माण संस्थेच्या पार्किंगमध्ये रविवारी सकाळी उरकणारे अनेक जण आहेत. त्यांच्याकडे पान्यांचा संच असतो, गोट्यांची पेटी असते, चांगला जॅकही असतो. नसतो तो बहुधा टॉर्क पाना. हे हत्यार महागडे आणि केवळ मोठ्या गॅरेजसाठीच असते, असा समज त्यामागे आहे. प्रत्यक्षात घरच्या वापराला पुरेसा टॉर्क पाना आज दोन-तीन हजार रुपयांच्या आसपास मिळू शकतो. मात्र तो पारखून घ्यावा लागतो आणि पारखण्यासाठी तो नेमके काय मोजतो, हे आधी समजून घ्यावे लागते.

घट्ट म्हणजे किती घट्ट?

नट आवळला की बोल्ट किंवा स्टड किंचित ताणला जातो. ताणलेला रबर जसा मूळ लांबीकडे परत खेचला जातो, तसाच ताणलेला पोलादी स्टडही परत खेचला जातो आणि त्या ओढीने चाक हबवर दाबून धरले जाते. चाक जागेवर राहते ते मुख्यतः या दाबामुळे. १२ मिलिमीटर जाडीचा कोरडा, स्वच्छ स्टड १०० न्यूटन-मीटर इतका आवळला, तर ढोबळ गणिताने त्या एका स्टडमध्ये सुमारे ४ टन दाब तयार होतो. चार स्टड असलेल्या चाकावर हा दाब १६ टनांच्या वर जातो.

आवळणे कमी पडले, तर हा दाब अपुरा राहतो. खड्ड्यांच्या धक्क्यांनी चाक हबवर सूक्ष्म हालचाल करू लागते, नट हळूहळू सैल होतात आणि अखेरीस चाक निखळण्यापर्यंत वेळ येते. आवळणे जास्त झाले, तर स्टड मर्यादेपलीकडे ताणला जातो. मग तो पुन्हा मूळ लांबीवर येत नाही. आटे जातात, स्टड आतून कमकुवत होतो आणि कधी तरी पुढच्या वेळी नट खोलताना तुटतो. नट कमी-जास्त आवळले गेल्यास ब्रेकची तबकडी किंचित वाकडी बसू शकते आणि ब्रेक दाबताना पायाला थरथर जाणवू लागते.

इंजिनच्या बाबतीत हा प्रश्न अधिक नाजूक असतो. अनेक मोटारींचे इंजिन हेड आणि ऑइलची टाकी ॲल्युमिनियमची असते. पोलादी प्लग ॲल्युमिनियमच्या आट्यांत जोर लावून आवळला, तर हार ॲल्युमिनियमलाच खावी लागते. ऑइलच्या ड्रेन प्लगचे आटे एकदा गेले की शंभर-दीडशे रुपये वाचवण्यासाठी घरी केलेले काम काही हजारांच्या दुरुस्तीत जाते.

म्हणूनच मोटार बनवणारी कंपनी प्रत्येक महत्त्वाच्या नट-बोल्टसाठी टॉर्कचा आकडा ठरवून देते. चाकांच्या नटांचा आकडा बहुधा वाहनासोबत मिळणाऱ्या पुस्तिकेत असतो. भारतातील बहुतेक लहान आणि मध्यम मोटारींसाठी तो साधारण ८५ ते १३० न्यूटन-मीटर या दरम्यान असतो. ऑइलच्या ड्रेन प्लगसाठी साधारण ३० ते ४५, तर वायसर असलेल्या १४ मिलिमीटरच्या स्पार्क प्लगसाठी ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये २५ ते ३० न्यूटन-मीटर पुरतात. १० किंवा १२ मिलिमीटरच्या बारीक प्लगांना याहून बरेच कमी लागते. हे आकडे केवळ अंदाज यावा म्हणून आहेत. आपल्या गाडीचा आकडा तिच्या पुस्तिकेतूनच घ्यावा.

जोराचे साधे गणित

टॉर्क म्हणजे वळवणाऱ्या जोराचे माप. दांडा जितका लांब आणि त्यावरचा जोर जितका अधिक, तितका टॉर्क अधिक. ३० सेंटिमीटर लांबीच्या एल पान्याच्या टोकावर सुमारे ३४ किलोचा भार दिला की नटावर १०० न्यूटन-मीटर टॉर्क येतो. ७० किलो वजनाचा माणूस त्याच पान्यावर पाय देऊन उभा राहिला, तर तो आकडा २०० च्या पुढे जातो. त्याने वर दोन हिसके दिले, तर किती, याचा हिशेबच राहत नाही. रस्त्याकडेच्या दुकानात पाना नटाला लावून त्यावर उभे राहण्याचे दृश्य सर्वांच्या परिचयाचे आहे. चाक आवळण्याची ही रीत गरजेच्या दुप्पट किंवा त्याहूनही अधिक टॉर्क देते.

हेच गणित उलट्या बाजूने मांडले, तर त्याचे महत्त्व अधिक पटते. १०० न्यूटन-मीटरवर आवळलेला, न गंजलेला नट ५० किलो वजनाची व्यक्तीही ३० सेंटिमीटरच्या पान्यावर शरीराचा भार टाकून सैल करू शकते. २५० वर आवळलेल्या नटाला त्याच पान्यावर सुमारे ८५ किलोचा भार लागतो. घरातील मुलगी, आई किंवा वयस्कर वडील यांच्यापैकी कुणीही एकटे असताना पंक्चर झाले, तर चाक त्यांना काढता येईल की नाही, हे महिन्यापूर्वी ते कुणी आणि किती आवळले यावर ठरते. योग्य टॉर्कवर आवळलेले चाक धावताना निखळत नाही आणि गरजेच्या वेळी निघतेही. या दोन्ही गोष्टी एकाच आकड्यात सांभाळलेल्या असतात.

या हत्याराचा जन्मही संयमाच्या गरजेतून झाला. न्यूयॉर्क शहराच्या पाणीपुरवठा विभागात काम करणाऱ्या कॉनराड बार यांना १९१८ मधील त्याच्या शोधाचे श्रेय दिले जाते. नळवाहिन्यांच्या जोडांवरील बोल्ट कामगार प्रमाणाबाहेर आवळत असत, त्याला आळा घालणे हा त्यामागचा हेतू होता.

एका पान्यात सगळी कामे होतात का?

खरेदीतील सर्वांत मोठी चूक येथे होते. ‘५ ते २०० न्यूटन-मीटर’ अशा विस्तृत मापाचा एकच पाना मिळाला की सर्व कामे भागतील, असे ग्राहकाला वाटते. तथापि टॉर्क पाना सगळ्या पट्ट्यात सारखाच भरवशाचा नसतो. हाताने वापरायच्या टॉर्क पान्यांसाठी ‘आयएसओ ६७८९’ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. स्प्रिंगच्या, माप बदलता येणाऱ्या पान्याची अचूकता त्यात कमाल मापाच्या २० टक्क्यांपासून पुढे तपासली जाते. म्हणजे २१० न्यूटन-मीटरच्या पान्याचा भरवसा साधारण ४२ पासून सुरू होतो. त्याच्या दांड्यावर २८ चा आकडा कोरलेला असला, तरी ३५ न्यूटन-मीटरचा ड्रेन प्लग त्याने आवळणे शहाणपणाचे नाही.

पाना निवडण्याचा सोपा नियम असा, की आपले नेहमीचे काम पान्याच्या पट्ट्याच्या मधल्या भागात यावे. चाकांसाठी ४० ते २०० किंवा त्याच्या जवळपासचा पट्टा योग्य. त्यात १०० चा आकडा मध्यावर येतो. अशा पान्याचे चौकोनी टोक अर्धा इंचाचे असते आणि चाकांच्या नटांना लागणाऱ्या १७, १९ किंवा २१ मिलिमीटरच्या गोट्या त्यावर सहज बसतात. ड्रेन प्लग आणि स्पार्क प्लगसाठी तीन-अष्टमांश इंचाच्या टोकाचा, १० ते ६० किंवा त्याच्या आसपासच्या पट्ट्याचा दुसरा पाना लागतो.

दोन्ही एकदम घेण्याची गरज नाही. जो केवळ चाके काढतो-बसवतो, त्याने अर्धा इंचाचा पाना घ्यावा आणि तेथेच थांबावे. ऑइल बदलण्याचे कामही नियमित घरी होऊ लागले, की दुसऱ्याचा विचार करावा.

तीन प्रकार, तीन स्वभाव

पहिला प्रकार काट्याचा. पोलादी दांडा जोर लावताना किंचित वाकतो आणि त्याच्याशेजारची न वाकणारी काडी पट्टीवरचा आकडा दाखवते. यात स्प्रिंग नाही, रॅचेट नाही, बिघडण्यासारखे फारसे काही नाही. काडी शून्यावर आहे ना, एवढे पाहिले की पुरते. ती सरकलेली असल्यास हलकेच वाकवून शून्यावर आणता येते. किंमत कमी आणि आयुष्य दीर्घ, हे याचे गुण. आवळताना नजर पट्टीच्या नेमकी वर असावी लागते. तिरप्या नजरेने पाहिले, तर आकडा चुकतो. गाडीच्या खाली किंवा अडचणीच्या जागी तो वाचता येत नाही, हा त्याचा दोष.

दुसरा प्रकार ‘क्लिक’चा. बाजारात सर्वाधिक दिसतो तो हाच. मुठीजवळचा भाग फिरवून हवा तो आकडा लावायचा आणि आवळायला सुरुवात करायची. ठरलेला टॉर्क आला की आतली यंत्रणा ‘टक’ असा आवाज करते आणि हाताला हलका झटका जाणवतो. आकड्यावर नजर ठेवावी लागत नाही, काम जलद होते. मात्र आतील स्प्रिंग काळानुसार आणि निष्काळजी वापराने बदलते. पाना चुकीच्या टॉर्कवर ‘टक’ करू लागला, तरी बाहेरून काही कळत नाही.

तिसरा प्रकार डिजिटल. पडद्यावर आकडा दिसतो, ठरलेल्या मापाशी आल्यावर बीप वाजतो. काही उत्पादनांत साध्या रॅचेटला जोडता येईल असा लहान डिजिटल तुकडा मिळतो. एकके बदलण्याची सोय उपयुक्त असली, तरी बॅटरी संपणे, दमट हवेत तिची टोके गंजणे आणि पाना आपटल्यास आतील यंत्रणा बिघडणे हे धोके असतात. वर्षातून चार-सहा वेळा वापरायच्या हत्यारासाठी कोकणपट्टीच्या हवेत ही गुंतवणूक विचार करूनच करावी.

घरच्या वापरासाठी बहुतेकांनी क्लिकचा पाना घ्यावा. हाती पैसे कमी असतील किंवा हत्यार वर्षानुवर्षे न तपासता पडून राहणार असेल, तर काट्याचा पाना अधिक इमानदार ठरतो.

दुकानात काय पाहावे?

मडगाव, म्हापसा, वास्को किंवा पणजीतील हार्डवेअरच्या दुकानात जाऊन पाना हातात घेऊन पाहणे केव्हाही चांगले. पहिली गोष्ट आकड्यांची. ते दांड्यावर कोरलेले असावेत. नुसत्या रंगाने छापलेले आकडे ऑइलच्या हातांनी दोन वर्षांत पुसले जातात. न्यूटन-मीटरचे माप स्पष्ट वाचता येते ना, हेही पाहावे. अनेक पान्यांवर फूट-पाउंडाचे आकडे ठळक आणि न्यूटन-मीटरचे बारीक असतात. १०० फूट-पाउंड म्हणजे सुमारे १३६ न्यूटन-मीटर होतात, त्यामुळे चुकीच्या बाजूचा आकडा लावला तर एक तृतीयांशाहून अधिक जास्त आवळले जाते. काही पुस्तिकांत टॉर्क किलोग्रॅम-मीटरमध्ये दिलेला असतो. १० किलोग्रॅम-मीटर म्हणजे सुमारे ९८ न्यूटन-मीटर, हे लक्षात ठेवले की हिशेब सोपा होतो.

दुसरी गोष्ट माप लावण्याच्या पद्धतीची. अनेक स्वस्त पान्यांत दांड्यावर मुख्य आकडे असतात आणि फिरत्या मुठीवर मधले. समजा, दांड्यावर ८४, ९८, ११२ असे टप्पे आहेत आणि १०० लावायचे आहे. तर मूठ ९८ च्या रेषेवर शून्याशी जुळवून पुढे २ पर्यंत फिरवावी लागते. दुकानातच दोन-तीन आकडे लावून पाहावेत. खिडकीत थेट आकडा दिसणारे पाने थोडे महाग असतात, पण त्यांत चूक होण्याची शक्यता कमी असते. लावलेले माप पक्के ठेवणारे कुलूप सहज लागते आणि लागल्यावर मूठ हलत नाही, याचीही खात्री करावी.

तिसरी गोष्ट अचूकतेची. चांगल्या क्लिकच्या पान्यावर ‘अधिक-उणे ४ टक्के’ असे लिहिलेले असते. १०० वर लावल्यास तो ९६ ते १०४ च्या दरम्यान टक करेल, असा त्याचा अर्थ. घरच्या कामाला एवढी अचूकता भरपूर झाली. सोबत तपासणीचे प्रमाणपत्र असेल, तर त्यावरचा अनुक्रमांक आणि पान्यावर कोरलेला अनुक्रमांक एकच आहे का, ते पाहावे. क्रमांक नसलेला छापील कागद प्रत्येक खोक्यात सारखाच घातलेला असू शकतो, त्याला फारसे मोल नाही.

पाना डाव्या आटीचे नट आवळताना, म्हणजे उलट दिशेनेही टॉर्क मोजतो का, हे विचारून घ्यावे. अनेक पान्यांचा रॅचेट दोन्ही दिशांना फिरतो, पण मोजमाप एकाच दिशेने होते. सर्वसाधारण मोटारींच्या चाकांसाठी उजवी दिशा पुरेशी असते.

पाण्याच्या कॅनने तपासणी

स्वस्त पान्याबद्दल मनात शंका राहतेच. ती दूर करण्यासाठी ‘एनएबीएल’ची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत तपासणी करून घेता येते. पण स्वस्त पान्याच्या बाबतीत तिचा खर्च काही वेळा हत्याराच्या किमतीच्या जवळ जातो. ढोबळ तपासणी घरीही शक्य आहे.

पान्याचे चौकोनी टोक भक्कम टेबलाला बसवलेल्या शिकंजात पकडून पाना आडवा ठेवावा. भार दिल्यावर तो आवळण्याच्या दिशेनेच वळेल, असा तो लावावा. चौकोनी टोकाच्या मध्यापासून मुठीच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजावे. समजा, ते ४५ सेंटिमीटर आहे. आता पिण्याच्या पाण्याच्या कॅनमध्ये पाणी भरून, कॅनसकट काट्यावर बरोबर २० किलो वजन करावे आणि दोरीने तो मुठीच्या मध्यावर टांगावा. या भाराचा टॉर्क सुमारे ८८ न्यूटन-मीटर होतो. पान्याचे स्वतःचे वजन त्यात आणखी २-३ ची भर घालते. म्हणजे एकूण सुमारे ९१.

पाना आधी ८० वर लावून कॅन हळूहळू सोडावा. पूर्ण भार येण्यापूर्वीच टक व्हायला हवा. मग १०० वर लावून पुन्हा सोडावा. आता टक होता कामा नये. त्यानंतर ८५ ते ९५ च्या दरम्यान दोन-दोन आकडे बदलत नेमका कोठे टक होतो, ते शोधावे. तो ८७ ते ९५ च्या आत सापडला, तर पाना विश्वासाने वापरावा. तो सातत्याने ७५ किंवा ११० वर सापडत असेल, तर दुकानदाराकडे परत द्यावा. कॅन आदळू देऊ नये आणि पाय त्याच्या खाली ठेवू नयेत, हे सांगायलाच हवे.

हीच तपासणी वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर करावी. आयएसओ मानकानुसार नेहमीच्या वापरातील पाना १२ महिन्यांनी किंवा ५,००० वेळा वापरल्यावर तपासून घ्यायचा असतो. घरच्या पान्याची ५,००० ची संख्या कधीच भरत नाही, बारा महिने मात्र भरतात.

वापरण्याची रीत

महागडा पानाही चुकीच्या सवयींनी खोटा पडतो. म्हणून काही गोष्टी पाळाव्यात.

टॉर्क पान्याने नट सैल करू नये. त्यासाठी साधा पाना किंवा लांब दांड्याचा पाना वापरावा. गाडी सपाट, कठीण जागी उभी करून हँडब्रेक लावावा आणि समोरच्या चाकाला दगड किंवा ठोकळा लावावा. पावसात मऊ झालेल्या तांबड्या मातीत जॅक रुततो, तेव्हा त्याखाली जाड फळी घ्यावी. चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा फेरा सैल करावेत, मग जॅक लावावा. केवळ जॅकवर असलेल्या गाडीच्या खाली शरीराचा कोणताही भाग जाऊ देऊ नये.

चाक बसवताना नट आधी बोटांनी फिरवावेत. आट्यांत ते सरळ बसले आहेत, याची हीच खरी परीक्षा. काही युरोपीय मोटारींत नटांऐवजी थेट बोल्ट असतात, त्यांनाही हाच नियम लागू. मग साध्या पान्याने हलकेच आवळावे, गाडी खाली उतरवावी आणि शेवटचे आवळणे चाक जमिनीवर टेकलेले असताना टॉर्क पान्याने करावे. चार नट असतील तर समोरासमोरचे, पाच असतील तर चांदणी काढताना हात जसा फिरतो त्या क्रमाने घ्यावेत. आधी सर्व नट निम्म्या टॉर्कवर आणि मग पूर्ण टॉर्कवर आवळले, तर चाक हबवर सपाट बसते.

पाना मुठीच्या मध्यावर धरून सावकाश, एकसारखा ओढावा. हिसके देऊ नयेत. ‘टक’ झाला की थांबावे. खात्रीसाठी आणखी एक-दोन टक घेण्याची सवय अनेकांना असते. प्रत्येक जादा टकेला नट थोडा पुढे सरकतो आणि मोजून आवळण्याचा हेतूच हरवतो. दांड्यावर नळी चढवून पाना लांब करू नये. चाक बसवल्यावर ५० ते १०० किलोमीटर धावून झाले की नट एकदा पुन्हा तपासावेत. अलॉय व्हील असल्यास हे विसरू नये.

काम झाल्यावर क्लिकच्या पान्याचे माप पट्ट्यातील सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवावे, त्याहून खाली फिरवू नये. १०० वर लावलेला पाना वर्षभर तसाच पडून राहिला, तर आतली स्प्रिंग थकते. काट्याच्या पान्याला हे पथ्य लागत नाही.

मीठ, पाऊस आणि गंज

किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांसाठी आणखी एक मुद्दा महत्त्वाचा आहे. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांमुळे गोव्यात चाकांचे स्टड लवकर गंजतात. त्यावर उपाय म्हणून अनेक जण आट्यांना ग्रीस किंवा ऑइल लावतात. हेतू चांगला, परिणाम मात्र फसवा.

नट आवळताना लावलेल्या जोराचा मोठा भाग घर्षणातच खर्च होतो. ढोबळ हिशेबाने १०० पैकी सुमारे १० भागच स्टड ताणण्याच्या कामी येतात, उरलेले आट्यांतील आणि नटाखालील घर्षण खाऊन टाकते. कंपनीने दिलेला आकडा बहुतेक वेळा स्वच्छ, कोरड्या आट्यांसाठी असतो. आट्यांना ऑइल लावले की घर्षण कमी होते आणि तोच १०० चा आकडा स्टडवर एक तृतीयांशाने अधिक ताण देऊ शकतो. उलट गंजलेल्या आट्यांत घर्षण वाढते. पाना १०० वर टक करतो, पण चाकावरचा दाब पुरेसा आलेला नसतो. पान्याने आकडा बरोबर दाखवला, तरी चाक एकदा जास्त आणि एकदा कमी आवळले जाते.

यावर मार्ग साधा आहे. तारेच्या ब्रशने आटे स्वच्छ करावेत, फडक्याने पुसून कोरडे करावेत. पुस्तिकेत स्पष्ट सांगितलेले नसेल, तर आट्यांना काही लावू नये. खोलवर गंजलेले किंवा आटे झिजलेले नट-स्टड बदलून टाकावेत. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर चाके एकदा काढून पुन्हा मापाने बसवली, तर नट अडकून बसण्याचा प्रश्न बराचसा सुटतो. टॉर्क पाना वापरून झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसून त्याच्या पेटीत ठेवावा आणि पेटी गाडीच्या डिकीत नव्हे, घरात ठेवावी. पंक्चरच्या वेळी चाक साध्या पान्याने आवळून घरी यावे आणि नंतर मापाने तपासावे.

किती खर्च करावा?

काट्याचा पाना आणि साधे क्लिकचे पाने साधारण एक ते तीन हजार रुपयांच्या टप्प्यात येतात. अनुक्रमांकासह प्रमाणपत्र देणारे, नावाजलेल्या कंपन्यांचे पाने त्याच्या दुप्पट-तिप्पट किमतीला मिळतात. डिजिटल पान्यांचा पल्ला आणखी पुढे जातो. केवळ चाकांसाठी वापरायचा असेल आणि पाण्याच्या कॅनची परीक्षा तो उत्तीर्ण होत असेल, तर पहिल्या टप्प्यातील पाना पुरेसा आहे. इंजिनच्या आत हात घालणाऱ्याने मात्र स्वस्तात समाधान मानू नये.

एकट्याला हा खर्चही जास्त वाटत असेल, तर दुसरा पर्याय आहे. एखाद्या वाड्यावरील किंवा गृहनिर्माण संस्थेतील पाच-सहा कुटुंबांनी मिळून एक चांगला पाना घ्यावा. वर्षातून चार-सहा वेळाच लागणारे हत्यार प्रत्येक घरात असण्याची गरज नाही. मात्र तो कुणाकडे असेल आणि परत ठेवताना माप खाली आणले जाईल, एवढी शिस्त ठरवून घ्यावी लागेल.

वर्षानुवर्षे काम केलेल्या मेकॅनिकचा हात बसलेला असतो. त्या हाताचा आदर ठेवूनही, टायर बदलून झाल्यावर ‘नट टॉर्क पान्याने आवळा’ असे सांगण्यात संकोच बाळगू नये. दुकानात तो नसेल, तर घरी येऊन नट सैल करून पुन्हा मापाने आवळावेत. आधीच जास्त आवळलेल्या नटावर नुसता टॉर्क पाना लावला, तर तो लगेच टक करतो आणि सगळे ठीक असल्याचा खोटा दिलासा देतो.

शेवटी एक परीक्षा घरातच घेऊन पाहावी. चाके मापाने बसवल्यावर गाडी अंगणात उभी असताना, घरातील सर्वांत कमी वजनाच्या, गाडी चालवणाऱ्या व्यक्तीच्या हाती डिकीतला एल पाना द्यावा आणि एक नट सैल करायला सांगावे. त्या हाताने नट सुटला, की तो पुन्हा टॉर्क पान्याने आवळावा आणि निर्धास्त व्हावे. सुटला नाही, तर ते अंगणात, उजेडात आणि कोरड्या जमिनीवर कळलेले बरे.